हत्ती बसला ते वळण

आमच्या चिंचहाळवरून जाणाऱ्या राज्यमार्गाचा नंबर गावात कुणालाही पाठ नाही. नंबर खात्याकडं आणि खड्डे आमच्याकडं, अशी ती वाटणी आहे. हा रस्ता सोलापूरकडून येतो, वळसंग मागं टाकतो आणि कर्नाटकाच्या हद्दीकडं नाकासमोर चाललेला असताना आमच्या गावाशी आला की एकदम वाकडा होतो. दोन्हीकडं सपाट माळ. ना ओढा, ना टेकडी. तरी रस्ता वळतो. वळणाच्या एका बाजूला जुनं कडूलिंबाचं झाड आहे, आणि झाडासमोर, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, माझं हॉटेल.

हॉटेल म्हणजे मागं एक खोली आणि पुढं पत्र्याचं शेड. पाटी मात्र ऐसपैस रंगवून घेतलीय: ‘हॉटेल ऐतिहासिक वळण’. वळणावर गाड्या हळू होतात, हळू झालेल्या गाडीतल्या माणसाला भज्यांचा वास येतो, आणि वास आलेला माणूस उतरतो. माझा सगळा धंदा एवढ्यावर चाललाय. उतरलेला माणूस हमखास विचारतो, इथं वळण कशाला? त्याला मी हत्तीची गोष्ट सांगतो. कोणे एके काळी एक सरदार या वाटेनं चालला होता. त्याचा हत्ती इथं बसला तो उठेचना. शेवटी सगळा लवाजमा हत्तीला वळसा घालून गेला, आणि तीच वाट पुढं रस्ता झाली. कुठला सरदार, असं कुणी विचारलं की मी भजी बघायला आत जातो. वीस वर्षं ही गोष्ट सांगतोय. इतकी सांगितली, की अधनंमधनं मलाच हत्ती दिसायला लागला होता.

ती ऐकून फिस्कन हसणारं घरात एकच माणूस होतं. माझी आत्या तानाबाई. आम्ही तिला आत्ती म्हणतो. नवरा वारल्यावर ती माहेरी आली, त्याला तीस वर्षं झाली. दिवसभर शेडच्या कोपऱ्यात शेंगा फोडत बसायची आणि गिऱ्हाईक गेलं की विचारायची, "बिब्या, आज हत्ती बसला का उबाच ऱ्हायला रं?" बिभीषण हे माझं नाव तिच्या तोंडून कधी पुरतं बाहेर पडलं नाही.

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीला ऋतुजा मॅडम नावाच्या तरुण इंजिनिअर आल्या. डोक्यावर टोपी, बोलणं गोड, पण सांगितलं ते कडूजहर. "वळणावर जागा कमी पडतेय. एकीकडं झाड आहे, दुसरीकडं तुमचं शेड. दोन्हीतलं एक जाणार. काही म्हणणं असेल तर आठ दिवसांत लेखी द्या."

शेड गेलं तर माझ्याकडं उरणार ती एक खोली. तिच्यात भट्टी आणि बायको दोघीच मावतात, आणि दोघी तापल्या तर मी कुठं जायचं? मी तडक तालुक्याला शिवपुत्राकडं गेलो. तो तहसीलसमोर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. त्याला हत्ती सांगितला. त्यानं तो इतका झोकात लिहिला, की मला भरून आलं. हत्ती नेमका माझ्या शेडमधल्या कट्ट्याच्या जागी बसला होता, सबब ही जागा ऐतिहासिक आहे आणि ती जपावी. खाली मीच एक ओळ घालायला लावली: ‘समोरील झाड तोडण्यास आमची कसलीही हरकत नाही.’

शिवपुत्र म्हणाला, "एखाद्या जुन्या माणसाचा आंगठा लागतो की. वजन पडतंय." मी घरी येऊन आत्तीपुढं कागद धरला.

"कशाचं हाय?" तिनं विचारलं.

"रस्त्याच्या कामाचं."

तिनं शेंगांची माती पदराला पुसली आणि आंगठा दिला. मी कागद न वाचताच पोचता केला. माझं चुकलं ते तिथं.

शिवपुत्राचा निम्मा जन्म पंचनामे लिहिण्यात गेलाय. कुठलाही कागद असो, शेवटची ओळ त्याच्या हातातून आपोआप उतरते. ती याही कागदावर उतरली होती.

आठव्या दिवशी भर दुपारी मॅडम फाईल घेऊन आल्या. चहा सांगितला. बाकड्यांवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मॅडमनी विचारलं, "तानाबाई कोण?"

"मी की," आत्ती कोपऱ्यातून म्हणाली.

"आजी, वय काय तुमचं?"

"भात्तरच्या दुष्काळात पंदरा वरसाची व्हते. तुमी शिकलेल्या, तुमीच करा."

"म्हणजे अडुसष्ट." मॅडमनी कागद वर धरला आणि गंभीर चेहऱ्यानं वाचलं, "‘सुमारे तीनशे वर्षांपूर्वी सदर हत्ती सदर जागी बसला. सदर घटना मी समक्ष पाहिली असून ती खरी आहे.’ खाली तुमचा आंगठा आहे."

गिऱ्हाइकांच्या तोंडातला चहा बाहेर आला. आतून माझी बायको विजयमाला एवढ्या जोरात हसली, की झारा खाली पडला. मी उगाच बशा पुसायला लागलो.

आत्ती मात्र हसली नाही. "हत्ती मी सर्कशीतला बी पायला न्हाय, बाई. पर ह्ये वळण कुणी पाडलं ते पायलंय. आमीच पाडलं."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

"भात्तर साली सरकारनं ह्यो रस्ता दुष्काळाचं काम म्हणून काडला," आत्ती सांगायला लागली. "गावच्या बाया खडी फोडायला. ह्येची आय सोनाबाई, माजी भावजय, ती बी. लेकरं तान्ही. अख्ख्या माळावर सावली म्हंजी ह्यो एकच लिंब. त्येला पाच झोळ्या टांगलेल्या, आन् झोके द्यायला मी. पाचांत सगळ्यांत रडकं ह्ये." तिनं शेंग माझ्याकडं रोखली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्रेपन्नाव्या वर्षी माणसानं कसं दिसावं ते मला सुचेना.

"ओव्हरशेरानं खुंट्या ठोकल्या, चुन्याची फक्की टाकली. रेघ निघाली सरळ लिंबातनं. म्हणला, उद्या झाड पाडा. सोनाबाईनं हात जोडलं. त्यो म्हणला, रस्ता तुमच्या लेकरांसाटी वाकडा करू व्हय? आन् गेला फटफटीवर बसून."

"मग?"

"मुकादम व्हता गुरप्पा. भाकरी खाल्ली की लिंबाखाली आडवा व्हायचा, फक्कीचं पोतं उशाला घिऊन. त्यो घोरायला लागला तशी सोनाबाई उटली. बायांनी शंभर पावलं मागनं खुंट्या उपटल्या, लिंबाला वळसा घालून परत ठोकल्या. जुनी रेघ पायानं मोडली. पर नवी कशानं वडायची? फक्की तर गुरप्पाच्या डोस्क्याखाली."

आत्तीनं मधेच एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"त्या दिवशी सुकडी वाटली व्हती. सरकारची सुकडी, पिठासारखी, एकेकीला वंजळभर. दिवसाचं खानं तेवडंच. सोनाबाईनं तिची सुकडी मूठ मूठ करून जमिनीवर सोडली. मग सगळ्यांनी. त्या दिवशी कुणीबी खाल्लं न्हाय. गुरप्पा उटला तर सुकडीच्या रेघंवर मुंग्याच मुंग्या. त्येनं रेघ बगितली, झोळ्या बगितल्या, आमच्याकडं बगितलं. म्हणला, मुंग्यांनी धरली म्हंजी रेघ पक्की. आन् त्येनंच वरनं फक्की टाकली. ओव्हरशेर पंदरा दिसांनी आला, तवर दगुड बसलं व्हतं."

माझ्या आईला जाऊन बारा वर्षं झाली. तिनं यातला एक शब्द मला कधी सांगितला नव्हता.

"आत्ती, मला कवाच का न्हाय सांगितलं?"

"कळलं असतं तर मस्टरवरनं नाव गेलं असतं, मजुरी बुडली असती. सोनाबाई म्हणली, कुणाला बोलू नगंस. तिनं न्हाय सांगितलं, मग मी कशी सांगू? तुजा हत्ती बरा व्हता की. हत्तीचं नाव कुटं मस्टरवर व्हतं?"

मॅडम कागदाकडं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "आजी, यात आणखी एक ओळ आहे. झाड तोडायला तुमची हरकत नाही, अशी."

आत्तीनं स्वतःच्या आंगठ्याकडं बघितलं. निळी शाई रेघांत अजून जराशी उरली होती. "ह्येच्यावर आंगठा घेतलास व्हय माजा, बिब्या?"

ती रागानं बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती नुसतं विचारत होती. मला लाज वाटली, आणि ती लपवायला हातात एकही बशी उरली नव्हती.

"मॅडम, अर्ज माघारी द्या," मी म्हणालो. "शेड घ्या."

"विचार करून सांगा. आज आखणी झाली की बदलत नाही."

"त्या ओव्हरशेरालाबी असंच वाटलं व्हतं," आतून विजयमाला म्हणाली. मग बाहेर येऊन तिनं एकदा शेडकडं आणि एकदा झाडाकडं बघितलं. "आता माणसं कुटं बसवायची?" ती मला म्हणाली. "खात्याल हुबी ऱ्हाऊन. न्हायतर हत्तीला विचारा."

मॅडमचा माणूस फक्कीचं घमेलं घेऊन आला. रेघ कट्ट्यापासून निघाली, पहिला खांब, मधलं बाकडं, पाटीची सावली असं करत चालली, आणि शेडच्या पार टोकाला दोन हात जागा उरलेली असताना फक्की संपली. माणूस म्हणाला, दुसरं पोतं गाडीत आहे, आणतो. मी म्हणालो, थांबा.

आत जाऊन भज्यांच्या पिठाचा डबा आणला. खाली बसलो. मूठ मूठ पीठ सोडत रेघ शेवटच्या खांबापर्यंत नेली. ती जराशी वाकडी गेली. मॅडमनी ती तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवायला आलो, तर आत्ती माझ्या आधीच रेघेशी उकिडवी बसली होती. तिनं मला हातानं बोलावून खाली दाखवलं.

"आल्या बग मुंग्या," ती म्हणाली. "आता पक्की."