काटकसरीचा श्वास

भाऊराव जाऊन सव्वा महिना झाला होता. तरी लाइट गेली की लखनौच्या अलीगंजमधल्या त्या घरात त्यांचा श्वास सुरू व्हायचा.

नीलमला हे कळलं ते जूनमधल्या एका शनिवारी, भर दुपारी. ती बैठकीत उभी राहून ऑफिसात फोनवर बोलत होती. सोमवारी बख्शी का तालाबच्या रुग्णालयात अठरा पेट्या जायच्या होत्या, त्याची गडबड. तेवढ्यात लाइट गेली, कूलर गप्प झाला आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "हळू बोल ना जरा. बाबा झोपून राहिले."

नीलमने फोन ठेवला आणि ती आत गेली. पलंग रिकामा होता, चादरीला एक सुरकुती नव्हती. उशाशी तिनेच बनवलेली, श्वास मोजणारी पेटी होती, बाबा गेले तेव्हा भोंगा बंद करून तशीच ठेवलेली, आणि पेटीवरचा हिरवा दिवा उजळत होता, मंद होत होता. दोन आखूड, एक लांब, मग ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावणारा थांबा, आणि पुन्हा दोन आखूड. पोस्टातल्या धुळीने बाबांच्या छातीला लावलेली ही चाल होती. लहानपणी शेजारच्या खाटेवर ती हीच ऐकत झोपायची.

"आई, हे कधीपासून?"

"रोजच. लाइट गेली की येतात, आली की जातात," कमलाबाई पंख्याने रिकाम्या उशीला वारा घालत म्हणाल्या. "तू ऑफिसात असते, तुला कसं दिसेल?"

भुताखेतांना या घरात थारा नव्हता. भाऊरावांनी त्यांना नागपूर सोडायच्या आधीच हाकलून दिलं होतं. बौद्ध रीतीने पुण्यानुमोदन झालं, नातेवाईक आले आणि गेले, कोणी आत्म्याबित्म्याचा विषयसुद्धा काढला नव्हता. आणि आता त्यांचीच बायको पंखा घेऊन बसली होती.

भूत होतं ते चिपमध्ये. आतली जोडणी चालता चालता बदलू शकणारी ती चिप, हे नीलमचं दोन वर्षांचं काम. लाइट असली की ती प्रत्येक श्वास बारकाईने मोजायची. लाइट गेली, बॅटरीवर आली, की स्वतःची जोडणी बदलून काटकसर करायची: कमी वेळा मोजायचं, ढोबळ मोजायचं, मधले श्वास त्या माणसाच्या शिकून ठेवलेल्या चालीवरून अंदाजाने धरायचे. बॅटरी आठ तास पुरलीच पाहिजे, असा पेट्या मंजूर करणाऱ्या समितीचा हट्ट होता. उत्तर प्रदेशातल्या गावांत उन्हाळ्यात लाइट किती वेळ जाते हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे हट्ट चुकीचा नव्हता.

चुकली होती नीलम. पहिली पेटी तिने घरी, बाबांच्याच उशाशी लावली. ढोबळ मोजणीत त्यांचा उथळ श्वास हरवायचा, भोंगा उगाच वाजायचा आणि आई पदर सावरत स्वयंपाकघरातून धावत यायची. दिवसातून चार-चार वेळा. आईचे ते हाल बघवेनात म्हणून नीलमने चिपच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली: शंका आली तर मोजणीवर नाही, अंदाजावर विश्वास ठेव. भोंगा थांबला. आई निवांत झाली. तीच ओळ मग अठराही पेट्यांत गेली. नीलमच्या संस्थेत लाइट जायची तर जनरेटर लगेच घुरघुरायचा. तिथे बॅटरी किती तास पुरते ते मुद्दाम तपासलं होतं. श्वास खरंच थांबला तर काटकसरीत पेटी काय करते, हे कोणीच तपासलं नव्हतं.

आणि बाबा गेले त्या दिवशी दुपारी एक ते साडेतीन लाइट नव्हती. साडेतीनला आली आणि लगेच भोंगा वाजला. सगळ्यांनी म्हटलं, भाऊराव साडेतीनला गेले, क्षणात गेले, सुटले. नीलमनेही तेवढ्यावर महिनाभर जीव धरला होता.

आता तिला कळलं: ते आधीच गेले असतील आणि पेटी नुसता अंदाज दाखवत राहिली असेल. गुपचूप ती ओळ काढून टाकता आली असती. कोणी विचारलं नसतं. पण मग भोंगे पुन्हा उगाच वाजले असते, ते टाळायला बारकाईने मोजावं तर बॅटरी आठ तास पुरणार नव्हती, आणि का पुरत नाही हे सांगावंच लागलं असतं.

"आई," ती पलंगाच्या कडेला बसली, "त्या दिवशी तू इथेच होतीस?"

"इथेच. दोनच्या सुमाराला हात गार लागला त्यांचा." पंखा थांबला नाही. "तुला फोन करणार होती मी. हातात घेतला होता फोन. पण दिवा चालू होता ना, तुझा. म्हटलं, एवढी शिकली पोरगी, तिच्या यंत्रापेक्षा माझ्या हाताला जास्त कळते काय? मग पाय चोळत बसली. दीड तास."

नीलम उठली नाही. तिथेच बसून तिने विभागप्रमुख सरोज मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सोमवार को पेटियाँ मत भेजिए।"

"अरे, अब क्या हो गया?"

"बैटरी पर गलत बताती हैं। साँस रुक जाए, तब भी चलती हुई बताती हैं।"

"तुम्हें कैसे पता?"

"मेरे घर में हुआ है।"

नीलमने फोन बाजूला ठेवला तेव्हा आईचा पंखा थांबलेला होता. चाळीस वर्षं लखनौत काढलेल्या बाईला एवढी हिंदी समजायला काही अडचण नव्हती.

"मग मी तेव्हाच फोन केला असता तर?" कमलाबाईंनी विचारलं. "वाचले असते?"

"माहीत नाही, आई."

नीलमने पेटीच्या मागे बॅटरीच्या खटक्याकडे हात नेला. आईने तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"खोटं आहे, समजलं मला," त्या म्हणाल्या. "लाइट येईपर्यंत राहू दे."