बांगडमाथ्याची पाटी

कोसमटोल्याच्या डोंगराखाली नवी पाटी टेकवून ठेवली होती. ठमाबाईला अक्षर जुळवून वाचावं लागे, म्हणून सुनेकडून, गोकुळाकडून, तिने ती दोनदा वाचून घेतली. ‘गरुडशिखर. पहिली चढाई : गिरिझेप क्लब, नागपूर.’

“पह्यली?” ठमाबाई म्हणाली. “मंग आमी का वर कोंबड्या चारून राह्यलो होतो? अन् गरुड कुठचा? बांगडमाथा हाये हा.”

क्लबचा म्होरक्या अमर नम्र पोरगा. “आजी, आम्ही पश्चिमेच्या कड्यावरून दोर लावून चढलो. माथ्यावर माणसाची एक खूण नव्हती.”

“दोर काऊन? पूर्वेची वाट कोनी उचलून नेली?”

सरपंच दादाजींनी घसा खाकरला. पाटीला मंजुरी दुपारच्या ग्रामसभेत द्यायची होती. “नुसत्या बोलन्यावर नाव बदलता येत नाई, ठमाबाई. पुरावा असन तर दाखवा.”

“पुरावा वर हाये. चाला.”

“बाई, तुमचे गुडघे,” गोकुळा म्हणाली.

“माहे गुडघे मी पाहून घेतो. तू चाल.”

अडुसष्टाव्या वर्षी पदर खोचून ती पुढे झाली. लग्न होऊन आली तेव्हापासून दर उन्हाळ्यात चारोळीची फळं वेचायला याच वाटेने चढलेली. कुठला गोटा हलतो ते तिच्या टाचांना पाठ होतं. खाली थंडीने दात वाजत होते. अर्ध्यावर धुकं पायाखाली राहिलं आणि ऊन लागलं. अमर पाठीवरची बॅग सावरत धापा टाकू लागला.

“बॅगीत का पाटी भरून आनली?” ठमाबाईने मागे न पाहता विचारलं. दादाजी हसले, आणि तेवढ्यात त्यांचाच पाय घसरला.

माथ्यावर झाड तगत नाही, नुसतं कुसळी गवत आणि वारा. मधोमध क्लबचा झेंडा. त्याच्या बुडाशी टेका म्हणून एक चपटा दगड लावलेला पाहून ठमाबाई जागीच थांबली.

“हा गोटा कुठून उचलला?”

“त्या फटीवर होता. झेंडा पडत होता म्हणून...”

“झाकन होतं ते आमचं.”

ती गुडघ्यांवर बसली आणि फटीत कोपरापर्यंत हात घातला. नवी सून पहिल्यांदा माथ्यावर पोचली की हातातली एक बांगडी काढून इथे ठेवायची, ही कोसमटोल्याची रीत. डोंगराने ओळखावं आणि सुखरूप खाली धाडावं म्हणून.

आधी गोकुळाची चमकीची बांगडी आली. मग ठमाबाईची हिरवी, पन्नास वर्षांची. मग तिच्या सासूची, जाड काचेची. अशा कितीतरी. अगदी तळातून लाखेची एक निघाली, काळी पडलेली, कडा झिजलेली. अमरच्या तळहातावर ती ठेवत ठमाबाई म्हणाली, “मोज आता, तुहा नंबर कितवा.”

अमर मोजायला गेला नाही. त्याने झेंडा उपटला, सगळ्या बांगड्या परत ठेवल्या आणि दगड जागेवर बसवला.

“ही सगळ्यात खालची कोणाची, आजी?”

“नाव कोनाले ठाऊक. कोनाची तरी सून होती.”

दुपारी ग्रामसभेने हात वर करून जुनं नाव मंजूर केलं आणि पेंटरने पाटी नव्याने रंगवली. ठमाबाईने या वेळी गोकुळाला गप्प बसवलं. साऱ्या गावासमोर एकेक अक्षर जुळवत ती स्वतःच वाचत गेली आणि कोणी तिला घाई केली नाही.

‘बांगडमाथा. पहिली चढाई : लाखेची बांगडी ठेवणारी सून. पश्चिम कडा, दोर लावून : गिरिझेप क्लब.’

“झालं मनासारखं?” दादाजींनी विचारलं.

“‘सून’ हे अक्षर अजून मोठं पायजे होतं,” ठमाबाई म्हणाली, आणि पेंटरने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.