मुदत टळलेली गाडी

हे गेले त्याला महिना होत आला, तरी माझा राग उतरला नव्हता. राग धाकट्या दिरावर. भाऊजींचं स्वतःचं गॅरेज, आमच्या गाडीची सगळी उस्तवार त्यांच्याकडे, आणि नेमकी तिच्याच सरकारी तपासणीची मुदत टळून गेलेली. जगाच्या गाड्या वेळेवर तपासून आणणारा माणूस सख्ख्या भावाच्या गाडीचं आज-उद्या करत राहिला! पहाटे कामावरून परतताना हे पुलाच्या कठड्यावर आदळले. भाऊजी दवाखान्याच्या दारातच सगळ्यांदेखत म्हणाले, "ब्रेक लागले नसणार. चूक माझी आहे."

मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. सासूबाईंनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. भाऊजी रोज संध्याकाळी यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, मूग गिळून सगळं ऐकून घ्यायचे आणि जायचे.

विम्याचा सर्व्हेअर गाडी बघायला आला, तेव्हा आम्ही दोघं मोडक्या गाड्यांच्या त्या आवारात एकमेकांपासून लांब उभे होतो.

"तपासणीची मुदत संपली होती, म्हणजे विमा बुडालाच ना?" मी विचारलं.

"तेवढ्यानं नाही बुडत, ताई. तुमच्या पॉलिसीत तसं कलम नाही. पण गाडीतल्या बिघाडामुळे अपघात झाला असेल, तर कंपनी हात वर करेल."

"मग झालंच. ब्रेक गेले होते. विचारा भाऊजींना."

सर्व्हेअरनं चाक काढलं, आत टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं.

"हे ब्रेक-पॅड कोणी बसवले? नवे कोरे आहेत. ब्रेकमध्ये काही दोष नाही." मग तो उठून हात पुसत म्हणाला, "पंचनाम्यानुसार रस्त्यावरही ब्रेक दाबल्याची खूण नव्हती. डोळा लागला असणार त्यांचा. काळजी करू नका, तुमचा क्लेम अडणार नाही." चांगली बातमी द्यावी तसं बोलला बिचारा, आणि फोटो काढायला पलीकडे गेला.

मी भाऊजींकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"अपघाताच्या आदल्या रविवारीच बसवले होते, वहिनी. दादा आत झोपला होता तेव्हा."

"आणि तपासणी?"

"दोनदा आलो होतो गाडी न्यायला. दिवसभर सोडावी लागते. दादा म्हणाला, डबल ड्युटी आहे, नंतर बघू."

डबल ड्युटी. वरची खोली बांधायची होती ना यांना! नको ती खोली, आधी आरशात स्वतःचे तारवटलेले डोळे बघा, असं शंभरदा सांगून मी थकले होते.

"मग इतके दिवस माझं का ऐकून घेतलंत?"

"राग तर तुम्हाला येणारच होता. दादावर आला असता, तर तुम्ही कुणाला बोलला असतात? मी निदान समोर बसून ऐकू शकत होतो."

चेपलेल्या दारातून आत बघितलं, तर यांचा डबा अजून सीटखाली पडलेला. मी दोन्ही हातांनी ते दार धरलं.

"झोपायचं होतं तर घरी यायचं होतं ना तुम्ही!" मी ओरडले. "अंथरूण घालून ठेवलं होतं मी!"

सर्व्हेअर दचकून थांबला. भाऊजी माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि मी यांना बोलत होते तोवर तिथून हलले नाहीत.