शववाहिनीच्या पुढे

दर्यापूर-अकोला रस्त्यावर चालणारी आमची काळीपिवळी जीप आणि तेल्हाऱ्याची एक शववाहिनी यांच्यात वैर असायचं काही कारण नव्हतं. गिऱ्हाईक वेगळं, घाई वेगळी. पण मागच्या हिवाळ्यात मूर्तिजापूरकडच्या एका तयार झालेल्या, पण अजून न उघडलेल्या बायपासवर वेगाच्या स्पर्धा झाल्या. त्यात ‘जुन्या डिझेल प्रवासी गाड्या’ या गटात शववाहिनीनं ताशी अठ्ठ्याण्णवचा विक्रम केला. शववाहिनी प्रवासी गाडी कशी, असं बाबांनी आयोजक अश्विन सरांना विचारलं. सर म्हणाले, “प्रवास तर होतेच ना.”

त्याच गटात बाबाही उतरले होते. आमची जीप बहात्तरवर थांबली होती.

त्या दिवसापासून दर्यापूरच्या स्टँडवर बाबांचा चहा कडू झाला. “मोतीराम, तुह्या गाडीत बसण्यापरीस मेलेलं बरं,” धर्मपालकाका म्हणायचे. “माणूस लवकर तरी पोचते.” एवढं बोलून ते आमच्याच गाडीत बसायचे, कारण त्यांची जागा ठरलेली होती.

एक दिवस बाबा चहा तसाच टाकून निघाले. घरी येऊन माझ्या बहिणीला म्हणाले, “आचल, औंदा गाडी भंगारात जाऊन राहिली. त्याच्या पयले मले काटा शंभराच्या पल्याड गेलेला पाह्यचा हाय. एक डाव.”

आचलनं अमरावतीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. ती उठली आणि तिनं बोनेट उघडलं. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

तिनं नोझल बदलले, डिझेल पंपाची सेटिंग नव्यानं लावली. मागच्या अ‍ॅक्सलमधला क्राउन नावाचा दातेरी गिअर काढून दुसऱ्या गाडीचा बसवला, म्हणजे इंजिन तेवढंच फिरलं तरी चाकं जास्त फिरतील.

“मंग हे पयलेच काहून नाई केलं?” मी विचारलं.

“चढावर तुले ढकलत न्या लागलं असतं, म्हणून.”

मी या गाडीचा कंडक्टर, म्हणजे मागच्या पायदानावर लोंबकळणारा आणि कुणाला उतरायचं असलं की पत्रा दोनदा वाजवणारा. ढकलण्याचं काम माझ्याकडेच येतं. मी तिला पाना दिला.

मग वजन उतरवायला घेतलं. कॅरियर गेलं, मागचे बाक गेले, टप गेला, स्टेपनी गेली. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र बाबांनी काढू दिला नाही. “तो हलका हाय,” ते म्हणाले.

चाचणीच्या दिवशी सत्तरपर्यंत सगळं ठीक होतं. ऐंशीला गाडी वरातीत शिरल्यासारखी नाचायला लागली. बाबांनी कशीबशी आवरली. आचल तिच्याखाली शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

“बाबा, कमानपाटे किती टाकले हो तुमी?”

बाबा लाजले. प्रवासी वाढले, गाडी मागून बसायला लागली, की त्यांनी दर वेळी स्प्रिंगमध्ये आणखी एक पाटा घातला होता. पंचवीस वर्षांत ती स्प्रिंग राहिली नव्हती, पूल झाला होता. रिकाम्या गाडीत तो पूल वाकेना, आणि वाकेना म्हणून गाडी उडत होती.

“या गाडीले रिकामं राह्यची सवयच नाई,” आचल म्हणाली. “हिले माणसं पायजे.”

त्याच बायपासवर यंदाही स्पर्धा होत्या; त्यांचे नियम पाहिले. सुटा माल चालणार नव्हता, पण आरसी बुकात असतील तेवढी माणसं चालणार होती, हेल्मेट आणि पट्ट्यासकट. आमचं पासिंग दहाचं. बाबांनी आयुष्यात प्रथमच गाडीत दहाच माणसं बसवायची ठरवली. एखादा आरटीओ तिथं असता तर त्याचे डोळे भरून आले असते.

बाक परत बसले, त्यांना पट्टे लागले. आता दहात मावेल तेवढं वजन हवं होतं. “इज्जतीनं बोलाव,” आचलनं मला बजावलं. “वजनाचं नाव काढशील तर मार खाशील.” मी पहिलं आमंत्रण आमच्या रोजच्या प्रवासी माणिकबाईंना दिलं.

“मलेच काहून?” त्यांनी डोळे बारीक केले.

“तुमच्याशिवाय गाडीले शोभा नाई, मावशी.”

त्या आल्या, पण पुढच्या खिडकीच्या जागेच्या अटीवर. ती जागा त्यांनी एका आमदारालाही दिली नव्हती. धर्मपालकाकांना वजन नव्हतं, पण त्यांना वगळलं असतं तर ते जन्मभर बोलले असते.

स्पर्धेच्या सकाळी माणिकबाईंचा अंबाडा हेल्मेटात मावेपर्यंत सगळे थांबले. मग बाबांनी गाडी सोडली. ऐंशी आलं आणि गेलं. गाडी अशी चिकटून पळत होती, जणू रस्ता तिच्याच नावावर आहे. नव्वद. पंच्याण्णव. वेग मोजायचं यंत्र लावलेली पांढरी रेघ समोर दिसायला लागली. तेवढ्यात मागं धर्मपालकाकांना आनंद अनावर झाला आणि त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली.

बाबांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी शिस्तीत डाव्या कडेला लागली.

बाबांनी मागं वळून विचारलं, “कोण उतरते?”

धर्मपालकाका आपल्या हाताकडे असे बघत होते, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

दुसरी आणि शेवटची फेरी बाकी होती. आचल म्हणाली, “काका, हात मांडीखाली ठेवा.”

“त्यानं नाई वाजवलं त दुसरं कोणी वाजवन,” बाबा म्हणाले. “अन वाजलं का माहा पाय जाईनच.” त्यांनी चावी तिच्या हातात दिली. “तू चालव. तुह्या पायाले अजून पॅसिंजरची सवय नाई.”

मग ते आचलच्या रिकाम्या झालेल्या जागेकडे, मागच्या शेवटच्या बाकाकडे निघाले. तिथून काटा दिसत नाही. हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही होतं.

माणिकबाई उतरल्या. साडी सावरली, हेल्मेट सावरलं.

“इकडं बस, मोतीराम. मले पुढं वारा लागते.”

वाऱ्यासाठीच तर त्या तिथं बसायच्या.

आचलनं गाडी सोडली. तिचा गिअर पडतानाही कळत नव्हता. बाबा पट्ट्यात बांधलेले, मान काट्याकडे. नव्वद. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णवला शववाहिनी मागं पडली. काटा शंभरावर आला, जरा थरथरला, आणि पलीकडे गेला. मागं काकांसकट सगळ्यांचे हात मांडीखाली होते.

तरी पत्रा वाजला. दोनदा, जोरात. बाबांनी खिडकीतून हात काढून स्वतःच वाजवला होता.

आचलचा पाय हलला नाही. पांढरी रेघ खालून गेली. अश्विन सरांच्या यंत्रावर एकशे तीन उमटले, हे आम्हाला नंतर कळलं, कारण आम्ही तिथं थांबलोच नाही.

“कोण उतरते?” तिनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“कोणी नाई,” बाबा म्हणाले. “चालू दे.”