घंटेच्या पोटातला मोजा

“शेवटची गाय खाली येईपर्यंत घंटा थांबवायची नाही. कळलं का रे, आल्सीद?”

आल्सीदच्या आईचा हा आवाज अजून माझ्या काठाशी घुमतो. मित्रांनो, मी फ्रान्सच्या डोंगरातल्या कुरणांवरची एक जुनी घंटा आहे. लोहाराने पत्रा ठोकून मला घडवलं आणि मार्कीझ नावाच्या तांबड्या गाईच्या गळ्यात बांधलं. धुकं उतरलं की लहानगा आल्सीद मला तिच्या गळ्यातून सोडवून गोठ्याच्या दारात वाजवत उभा राही. चुकलेली जनावरं माझ्या आवाजाच्या मागाने घरी येत.

हाच आल्सीद पुढे मोठा गिर्यारोहक झाला. हिमालयातल्या मोहिमेचा म्होरक्या झाला, तेव्हा त्याने मलाही सामानात घेतलं. सगळे हसले. शेजारच्या क्लोटिल्दकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा एकुलता एक जोआनी त्याच मोहिमेत होता.

“घंटा नेतोयस ना? मग शब्द दे. माझा जोआनी खाली येईपर्यंत ती थांबणार नाही.”

“दिला, काकू! कान किटतील तुमच्या लेकाचे.”

“किटू देत. आमच्या गाई तरी ऐकतात, तो मेला ऐकत नाही.”

शिखर सर झालं. उतरताना धुक्याने गाठलं. आल्सीद पुढे उतरून तंबूच्या दारात मला वाजवू लागला, आणि चौघे माझा आवाज धरून त्याच्यापर्यंत पोचले. जोआनी मागेच राहिला. आल्सीद मला हलवत राहिला, बोटं काळी पडेपर्यंत. पण वरून बर्फाचे कडे सुटू लागले आणि चौघांचे पाय बधिर झाले होते. त्यांना जगवायचं तर निघायलाच हवं होतं. त्याने तंबूत राहिलेल्या जोआनीच्या पिशवीतला लोकरीचा मोजा काढून माझ्या पोटात कोंबला. पाठीवर मी वाजत राहिले असते, तर त्याच्याने पाऊल उचललं नसतं.

गावाने त्याला पदक दिलं, रस्त्याला त्याचं नाव दिलं. मी चुलीशेजारी खुंटीवर मुकी. पाहुणे म्हणत, काय सुरेख घंटा! आत कुणी डोकावलं नाही. धुक्याच्या संध्याकाळी मात्र आल्सीदचा घास हातातच राही. मलाही बर्फ तुडवत येणारी पावलं ऐकू येत. दाराशी येत आणि थांबत. काकूंच्या खिडकीत रोज मेणबत्ती लागे. एकही संध्याकाळ चुकली नाही.

आज त्या सूप घेऊन आल्या. दोघंही आता म्हातारी.

“रस्त्यावर नाव, आणि घरात कोळिष्टकं!” म्हणत त्यांनी मला पुसायला घेतलं. बोटं आत गेली. मोजा बाहेर आला. टाचेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“टाचेला अशी दुहेरी लोकर मीच घालते.” मग हळूच, “म्हणजे थांबवली होतीस तर.”

“चौघे होते, काकू.”

“चौघे आले, देवाची कृपा. पाचवा यायचाय ना अजून?”

मित्रांनो, घरातली मुकी वस्तू पुसाल तेव्हा तिच्या पोटातही हात घालून बघा. कुणाची तरी हाक तिथे अडकलेली असते.

बाहेर धुकं उतरत होतं. आल्सीदने जोडे चढवले, मला हातात घेतलं आणि वाजवत वाजवत वरच्या कुरणाची वाट धरली. दार काकूंनी उघडंच ठेवलं.