उपासाची साखर

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: तुम्ही दवाखान्यात खुर्चीवर बसला आहात आणि आसपासच्या गावांतल्या आजीआजोबांच्या रक्तातली साखर समोरच्या पडद्यावर उड्या मारते आहे. त्यांनी घरी बोट टोचायचं, यंत्राने आकडा काढायचा, फोनने तो इकडे धाडायचा. शीतल सिस्टर दिवसभर हे आकडे बघायची.

एका सोमवारी हसनाबादच्या बद्रीनाथ अप्पांचा आकडा आला, दोनशे ऐंशी. मागच्या सोमवारीही असाच. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आज उतरली नाही तर इन्सुलिन सुरू. बोट टोचायला अप्पा तयार असत, पण इन्सुलिनची पोटातली सुई मात्र नकोच म्हणत. शीतलने काळजीने व्हिडिओ कॉल लावला. फोन धरला होता तिसरीतल्या नातीने, अर्पिताने.

"अप्पा, गोळ्या घेता ना?"

"बराबर घेतो."

"मग साखर एवढी कशी? आणि रोज का नाही पाठवत?"

"रोज उपास कोण धरंल, सिस्टर? सोमवार धरून राह्यलो तेच लई झालं."

शीतल गोंधळली. तेवढ्यात अर्पिता म्हणाली, "सिस्टर, आज्ज्यानं आधी खिचडी खाल्ली. दोनदा. मंग रताळं, मंग शेंगदाण्याचे लाडू. मंग बोट टोचलं."

"गप गं. समदं उपासाचंच व्हतं," अप्पा म्हणाले. "सिस्टरच म्हणल्या व्हत्या, उपासाची साखर धाडा."

म्हणाली होती खरी. शीतलने पदरात तोंड लपवलं, पण खांदे हलायचे थांबेनात. शेवटी डोळे पुसून तिने सांगितलं, "अप्पा, चूक माझ्या शब्दाची. उद्या उठल्याबरोबर, उपाशीपोटी तपासा. चहासुद्धा नाही."

"चहा बी न्हाई? हा तर लईच कडक उपास झाला."

मंगळवारी सकाळी आकडा आला, एकशे चोवीस. डॉक्टर म्हणाले, सुई राहू द्या, पंधरा दिवस रोज असंच तपासू. शीतलने फोनवर हे सांगितलं तेव्हा अप्पांनी खाटेवर बसल्या बसल्याच टाळ्या पिटल्या.

"अर्पिता, तुमच्या गल्लीत अजून कुणाकडे हे यंत्र आहे गं?" शीतलने विचारलं.

"शेजारच्या बेबीनंदाकाकूकडं हाय की," म्हणत अर्पिताने फोन आज्ज्याच्या मांडीवर टाकला, चपला न घालताच ती काकूच्या घरात शिरली आणि कुणाला काही न विचारता चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून आत डोकावली.