गुरुवारचा अर्ज

कोनाड्यातून खाली पडलेला कागद उचलून कौसल्या तो परत ठेवायला गेली, आणि त्यावर चिकटवलेला पासपोर्ट साइज फोटो तिच्या लेकीचा, लुंबिनीचा निघाला.

तिने कागद मेणबत्तीजवळ नेला. फोटो तोच होता, नोएडाच्या ऑफिसात ओळखपत्रासाठी काढलेला, कपाळावर एक बट आलेली.

दिल्लीतल्या फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या किल्ल्यातला हा तळघरासारखा भाग. भिंती धुराने काळ्या पडलेल्या, वर वटवाघळांची कुजबुज. दर गुरुवारी लोक इथे जिन्नांना, म्हणजे इथे वावरणाऱ्या अदृश्य आत्म्यांना, अर्ज घालतात, हे तिला दारावर अगरबत्त्या विकणाऱ्या बाईकडून आत्ताच कळलं होतं. एकाच अर्जाच्या चार-पाच झेरॉक्स काढून निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवायच्या. न जाणो, आपलं काम कुठल्या जिन्नाच्या टेबलावर असेल. सरकारी खात्यांत खेटे घातल्याचा अनुभव भुताखेतांपुढेही उपयोगी पडतो म्हणायचा. दुसऱ्याचा अर्ज मात्र वाचायचा नाही, असं त्या बाईने बजावलं होतं.

कौसल्या काही मागायला आली नव्हती. लुंबिनीने नोकरी लागल्यापासून दरवर्षी रजा साठवून जगातलं एकेक पुरातन ठिकाण गाठलं होतं. अंगकोर, बोरोबुदुर, शेवटी जॉर्डनमधलं पेट्रा. घराजवळचा कोटला तेवढा राहिलाय, तो म्हातारपणी बघू, असं ती हसत म्हणायची. पेट्राहून परतताना तिची टॅक्सी ट्रकवर आदळली. त्याला दीड वर्ष झालं होतं. पोरीचं राहिलेलं तेवढं आपण बघून यावं, एवढ्यासाठीच आई आज मेट्रोत बसली होती.

तिने अर्ज वाचला. विषय, महोदय, सविनय निवेदन, सगळं जागच्या जागी. खाली त्यांच्याच लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरचा पत्ता, आधारकार्डाची प्रत आणि वाल्मीकची सही. तिचा नवरा! शेजाऱ्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली तर पाऊण तास भाषण देणारा, बैठकीच्या खोलीत बावीस प्रतिज्ञा चौकट करून लावणारा माणूस. गुरुवारी ऑफिसात उशीर होतो म्हणायचा, तो इथे येत होता तर. तिला क्षणभर हसू आलं.

मुलीला परत द्या, असं त्याने मागितलंच नव्हतं. नियमात बसेल तेवढंच मागितलं होतं. त्या दिवशी दुपारी चार वाजता मुलीचा फोन आला असता अर्जदार मीटिंगमध्ये असल्याने त्याने तो कट केला. मीटिंग सातला संपली. त्यानंतर फोन लागला नाही. तरी मुलीला काय सांगायचं होतं, एवढं कळवण्याची कृपा व्हावी.

काय सांगायचं होतं ते कौसल्येला ठाऊक होतं.

बापाने फोन कापल्यावर लुंबिनीने तो आईला केला होता. दीड वर्ष कौसल्या हे कुणाजवळ बोलली नव्हती. आधी रागाने. आठ वर्षांच्या पोरीला अजिंठ्याला नेऊन हे जुन्या दगडांचं खूळ त्यानेच लावलं, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. पुढे राग ओसरला, तरी सांगवेना. मुलीचे शेवटचे शब्द तिच्या एकटीकडे होते, आणि तेही वाटून टाकले तर आपल्याकडे काय राहील, या भीतीने ती गप्प राहिली. समोर बसून तो एकेक घास गिळायचा आणि ती मुकाट्याने वाढत राहायची. आता तिला स्वतःची लाज वाटली.

कागद मांडीवर धरून ती भिंतीशी बसून राहिली. सहाच्या सुमाराला वाल्मीक आला. एका हातात ऑफिसची बॅग, दुसऱ्या हातात अगरबत्तीचा पुडा. बायकोला पाहून तो जागीच थबकला, आणि तिच्या मांडीवरचा कागद दिसल्यावर त्याने मान खाली घातली. ऑफिसातल्या एकाने सुचवलं होतं, आपला काही विश्वास वगैरे नाही, असं काहीबाही तो पुटपुटला.

"तुमच्यानंतर तिने मला केला होता फोन," कौसल्या म्हणाली.

वाल्मीकने बॅग खाली ठेवली.

"मी सांगितलं नाही तुम्हाला. इतके दिवस."

त्याने ओरडावं, निदान दोन शब्द लावावेत, असं तिला फार वाटत होतं.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

सांगण्यासाठी तिने तोंड उघडलं. ते शब्द तिने मनात इतक्यांदा घोळवले होते, की ते आता तिच्या स्वतःच्या आवाजात यायला तयार नव्हते. लुंबिनी बोलायची तसेच ते आले, भरभर, धापा टाकत.

"पप्पांना सांग, पूरा पहाड चढले यार, एकटी. अजिंठ्यासारखं खांद्यावर बसावं नाही लागलं. आणि विचार ना त्यांना, माझा फोन का कट केला?"

शेजारी मेणबत्ती लावणाऱ्या बाईने चमकून पाहिलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि अंगात आलेल्या माणसापुढे जोडतात तसे कौसल्येपुढे हात जोडले. एरवी वाल्मीकने त्या बाईला तिथल्या तिथे चार गोष्टी सुनावल्या असत्या. आज त्याचं तिच्याकडे लक्षच गेलं नाही. तो काजळी धरलेल्या जमिनीवर, बायकोच्या अगदी समोर बसला.

"मीटिंग होती गं, बाळा," तो म्हणाला. "दोनच मिनिटांत करणार होतो."